कोरलेल्या भुवया उतरवताना

कोरलेली भुवई मला आता लांबूनही ओळखू येते. तिचे दोन प्रकार. एक राखाडी, निळसर झाक मारणारी. दुसरी विटकरी, उन्हात गेली की नारिंगी दिसणारी. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, पालकसभेत अशी भुवई दिसली की समोरची बाई काय बोलतेय याकडे माझं लक्षच राहत नाही. रंग कुठला भरला असेल, वर्ष झालं असेल की दोन, हिशोब सुरू होतो. माझ्या स्वतःच्या भुवया या दोन्ही प्रकारांतून जाऊन आल्या आहेत.

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. मायक्रोब्लेडिंग केलं ते पुतण्याच्या लग्नाआधी, आणि उतरवून घेतलं पुण्यात, कारण लेक तिथं असते. करून घ्यायला एक दुपार पुरली. उतरवायला मात्र पुष्कळ काळ गेला. आता शाळेतल्या सहकारी, त्यांच्या बहिणी, शेजारच्या मुली मला फोन करतात आणि मी तेच तेच सांगत बसते. म्हणून हे लिहून काढलं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेनासारख्या दांडीला अतिशय बारीक सुयांची एक ओळ बसवलेली असते. तिनं भुवईत केसासारख्या रेघा ओढतात, म्हणजे खरं तर कातडीला बारीक चिरा पाडतात, आणि त्या चिरांत रंग जिरवतात. आधी बधिर करणारं क्रीम लावतात, त्यामुळं दुखतं कमी. आवाज मात्र ऐकू येतो, करकर.

१. 'दीड-दोन वर्षांत आपोआप जातं' यावर भिस्त ठेवू नका

सगळ्या सौद्याचा पाया हे एक वाक्य असतं. नाही आवडलं तर जाणारच आहे, मग घाबरायचं कशाला?

आपल्या कातडीचा वरचा थर, बाह्यत्वचा, साधारण महिनाभरात नवा होतो. रंग फक्त तिथंच राहिला असता तर तो महिन्याभरात गेला असता आणि कुणी त्याचे पैसे दिले नसते. टिकायचा असेल तर त्याला खालच्या थरापर्यंत, अंतस्त्वचेत, पोचावंच लागतं. तिथं मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी परका कण समजून तो गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या मार्सेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की रंग बाहेर सांडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. पेशी बदलत राहतात, रंग जागच्या जागी. गोंदण जन्मभर का टिकतं, त्याचं उत्तर यात आहे. भुवईत रंग उथळ घालतात, सौम्य घालतात, म्हणून तो फिकट होतो हे खरं. फिकट होणं आणि जाणं यांत फरक आहे, आणि पुसट डाग पुष्कळदा वर्षानुवर्षं राहतो. हात थोडा जड पडला, सुई थोडी खोल गेली, तर विषयच संपला.

माझ्या सासूबाईंना यातलं काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या हातावर तुळस गोंदलेली आहे. सूपभर ज्वारी घेऊन गोंदारणीनं दारात बसून काढलेली. माझी भुवई बघून त्या म्हणाल्या, "आमचं पण काळंच होतं गं. बघ, हिरवं झालंय." लग्नघरात सगळ्या माझ्या भुवयांचं कौतुक करत होत्या, तेव्हा त्यांचं हे बोलणं मला खवटपणाचं वाटलं होतं. शास्त्राच्या दृष्टीनं त्या घरात त्या दिवशी झालेलं ते एकमेव बरोबर विधान होतं.

२. आकार बसून ठरवावा, आडवं पडून नव्हे

झोपल्यावर गाल आणि कपाळ मागं ओढले जातात, भुवई वर सरकते. तेव्हा जुळलेली जोडी उठून बसल्यावर जुळेलच असं नाही. आखणी बसलेल्या अवस्थेत, डोळे उघडे ठेवून, चेहरा सैल सोडून करायची असते. शिवाय कुणाचाही चेहरा दोन्हीकडं सारखा नसतो. मोजपट्टीनं दोन भुवया तंतोतंत सारख्या केल्या की उलट चेहऱ्याचा तिरकेपणा उठून दिसतो. आखणी झाली की आरशात हसून बघा, रागावून बघा, फोटो काढून घरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला पाठवा. जाऊबाईंसारखी व्यक्ती प्रत्येक घरात असते. तिचा इथं उपयोग करून घ्यावा.

माझी डावी भुवई कमानीत जरा उंच गेली होती. नववीच्या मुलींनी पहिल्याच तासाला विचारलं, "बाई, आमचं काही चुकलं का?" बाईचं अर्धं काम भुवईवर चालतं. एरवी मी ती उचलली की मागच्या बाकापर्यंत शांतता होते. आता ती कायमच उचललेली होती, त्यामुळं आठवड्याभरात तिचा वचक संपला.

३. पहिल्या महिन्यात ना स्तुती ऐका, ना निर्णय घ्या

सुरुवातीला रंग हवा त्यापेक्षा बराच गडद दिसतो. मग खपली धरते, खपली पडताना मध्येच रंग गायब झाल्यासारखा वाटतो आणि महिना-दीड महिन्यानं खरा रंग वर येतो. या काळात 'काढूनच टाकते' असं वाटणं साहजिक आहे, पण ताज्या जखमेवर कुठलीही उठाठेव करू नये. अपवाद एकच. सूज वाढत चालली, पू आला, ताप आला, खाज थांबेना, तर पार्लरला नव्हे, डॉक्टरला दाखवायचं. आणि हो, सुई लागली आहे, त्यामुळं रक्तपेढी काही महिने तुमचं रक्त घेणार नाही. रक्तदान शिबिरात लपवू नका.

४. रंग कुठल्या बाजूला फिरणार हे बाटलीवर लिहिलेलं असतं

भुवईचा तपकिरी म्हणजे एक रंग नव्हे, मिश्रण असतं. काळेपणासाठी बहुधा कार्बन, म्हणजे आपली काजळीच. तांबूस आणि पिवळ्या छटांसाठी लोहाची ऑक्साइडं. छटा उजळायला टिटॅनियम डायऑक्साइड. शिवाय काही सेंद्रिय रंग. हे सगळे एका वेगानं जात नाहीत. कार्बन मागं राहिला की भुवई राखाडी होते. त्यात रंग खोल असेल तर ती निळसर दिसते, कारण कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशात निळा भाग जास्त विखुरलेला असतो. लोहाची ऑक्साइडं मागं राहिली तर विटकरी. तेलकट त्वचेत आणखी एक होतं. सुट्या सुट्या रेघा टीपकागदावरच्या शाईसारख्या पसरतात आणि केसांऐवजी एक सलग पट्टा उरतो. माझं हेच झालं. वर्ष व्हायच्या आत राखाडी पट्टा.

बाटलीवर घटक लिहिलेले असतात. चांगल्या मालावर रंगांचे 'सीआय' क्रमांकही असतात: सीआय ७७२६६ म्हणजे कार्बन ब्लॅक, ७७४९१ तांबडं लोह ऑक्साइड, ७७४९२ पिवळं, ७७४९९ काळं, ७७८९१ टिटॅनियम डायऑक्साइड. हे पाच क्रमांक वहीत टिपून ठेवण्यासारखे आहेत. औषधाच्या दुकानात आपण खोकल्याच्या बाटलीचीही तारीख वाचतो. कातडीत जाणाऱ्या बाटलीचं झाकण मात्र खुर्चीत डोळे मिटल्यावर उघडतं.

'इम्पोर्टेड आहे', 'एफडीए अप्रूव्ह्ड आहे' असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात असू द्या: अमेरिकेच्या एफडीएनं सौंदर्यासाठी त्वचेत टोचायच्या एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही, आणि हे ती संस्था स्वतःच सांगते. युरोपीय महासंघानं जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या आणि कायमस्वरूपी मेकअपच्या शाईंतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले. तिथं जे वापरता येत नाही ते जगात कुठंतरी विकलं जाणारच, असं मला आपलं वाटतं.

५. बिघडलेल्या रंगावर दुसरा रंग चढवू नका

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

राखाडी पट्टा घेऊन मी त्याच स्टुडिओत गेले. तिथली मुलगी वाईट नव्हती. आपुलकीनं बोलली, पैसेही कमी घेतले. तिनं सुचवलं ते असं: राखाडीवर थोडी उबदार नारिंगी छटा देऊ, म्हणजे तपकिरी दिसेल, आणि उंच गेलेली कमान कातडीच्या रंगाची शाई भरून झाकून टाकू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. झालंही छान. दोन महिने.

आता यातलं रसायनशास्त्र. कातडीच्या रंगाच्या शाईत टिटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, नारिंगी-तपकिरी शाईत फेरिक ऑक्साइड. रंग काढायच्या लेझरचा झोत पडला की हे कण क्षणभर प्रचंड तापतात आणि त्यांचं क्षपण होऊ शकतं. तांबूस फेरिक ऑक्साइडचं काळं फेरस ऑक्साइड होतं. पांढऱ्या टिटॅनियम डायऑक्साइडमधलं टिटॅनियम चार संयुजेवरून तीनवर येतं आणि निळसर-करडं दिसतं. म्हणजे जे पुसायला गेलात तेच डोळ्यांदेखत काळं पडतं. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९९३ मध्येच याची नोंद करून ठेवली आहे. ऑक्सिडीकरण आणि क्षपण मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. लोखंडाचा गंज, तांब्याची भांडी, सफरचंदाची फोड, ही माझी ठरलेली उदाहरणं. कपाळावरचं उदाहरण पुस्तकात घालायला हरकत नाही.

माझ्या कमानीच्या वरच्या कडेला, जिथं कातडीच्या रंगाची शाई भरली होती तिथं, लेझरच्या चाचणीच्या पहिल्याच ठिपक्यानं काळसर करडा डाग उठला. मूळ भुवई त्या मानानं सरळपणे निघाली असती. झाकण्यासाठी भरलेला रंग काढायला जास्त वेळ, जास्त पैसे आणि जास्त सहनशक्ती लागली. अशा वेळी काळा झालेला डाग पुढच्या फेऱ्यांत बहुतेकदा फिकट होतो, पण तशी हमी कुणी देत नाही, आणि देणाऱ्यापासून लांब राहावं.

तेव्हा रंग फिरला, आकार चुकला, काही झालं तरी वरून भर घालू नका. पेन्सिलीनं, पावडरीनं दिवस काढा. केस वाढू द्या, समोरून बटा घ्या, जाड काडीचा चष्मा लावा. पेन्सिल रात्री धुतली जाते.

६. लिंबू, मीठ, आणि ऑनलाइन मिळणारी ट्यूब

भुवईवर मीठ घासून किंवा लिंबू चोळून अंतस्त्वचेतला रंग निघत नाही; वरची कातडी सोलवटते आणि आपल्या वर्णाच्या माणसांना तिथं काळा डाग पडतो. 'टॅटू रिमूव्हल' नावाच्या काही ट्यूबांत तीव्र आम्ल असतं. डोळ्यापासून दोन बोटांवर आम्ल लावायचं नसतं. एवढंच.

७. लेझर हे यंत्र आहे. ते कुणाच्या हातात आहे ते बघा

१९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक तत्त्व मांडलं. प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा अवधी नीट निवडला तर आजूबाजूला धक्का न लावता फक्त हवा तो रंगकण तापवता येतो. गोंदण काढणारे आजचे लेझर याच तत्त्वावर चालतात. एनडी-याग लेझरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांशांपुरता असतो. नव्या पिको यंत्रांत त्याहूनही कमी. कण फुटून बारीक होतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. हे वाहून नेण्याचं काम यंत्राच्या किमतीवर अवलंबून नसतं, म्हणून दोन फेऱ्यांत सहा-आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. 'महिन्यात दोनदा करू, लवकर होईल' असं म्हणणारं दुकान सोडून द्यावं.

तरंगलांबी दोन ऐकू येतील. १०६४ नॅनोमीटर काळ्या-राखाडी रंगासाठी. ५३२ नॅनोमीटर लाल-नारिंगीसाठी. आपल्या कातडीत मेलॅनिन भरपूर असतं, आणि ५३२चा झोत मेलॅनिन जास्त शोषून घेतं. त्यामुळं सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तो हलक्या हातानं, कमी शक्तीवर वापरावा लागतो. नाहीतर रंग निघतो आणि त्या जागी कातडीचाच काळा किंवा पांढरा डाग उरतो. ही तारेवरची कसरत आठवड्याभराचा कोर्स केलेल्या माणसाचं काम नव्हे. त्वचारोगातली पदवी किंवा पदविका, एमडी, डीव्हीडी, डीडीव्ही, असलेला डॉक्टर हवा, आणि त्याची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासता येते. विचारायला संकोच वाटू देऊ नका. मी विचारलं तेव्हा माझ्या पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी न रागावता भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

एक खूण सांगते, त्यावरून जागा चांगली की वाईट ते लगेच कळेल. भुवई डोळ्याच्या इतकी जवळ असते की बाहेरून लावायचा गॉगल पुरत नाही, आणि हा झोत दृष्टिपटलाला कायमची इजा करू शकतो. म्हणून डोळ्यात भुलीचे थेंब घालून पापणीच्या आत धातूचं छोटं कवच बसवतात. कल्पना करून अंगावर काटा येतो, प्रत्यक्षात दोन मिनिटांत सवय होते. 'डोळे घट्ट मिटून घ्या, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर चप्पल घालून घरी यावं.

दुसरी खूण म्हणजे आधी चाचणीचा ठिपका. पूर्ण भुवईवर झोत मारण्याआधी टोकाला एका जागी मारून काही आठवडे वाट बघतात. रंग काळा पडतो का, डाग राहतो का, ते कळतं. जाताना बाटलीवरच्या घटकांची माहिती घेऊन गेलात तर डॉक्टरला निम्मा अंदाज आधीच येतो. अंगावर वणाच्या गाठी उठतात का, ओठांवर तापाचे फोड येतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनची गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, हे न विचारताही सांगून टाका.

दुखतं का? दुखतं. फटफट आवाज होतो, केस जळल्याचा वास येतो, भुवईवर क्षणात पांढरा थर धरतो आणि काही मिनिटांत उतरतो. मग लाली, सूज, क्वचित फोड. कधी कधी खरे केसही पांढरे होतात. मी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवला. पुढं नवे केस काळेच आले.

८. मधल्या अवस्थेला सगळ्यात जास्त धीर लागतो

राखाडी आधी गेला आणि नंतर भरलेला नारिंगी उघडा पडला. हे होणार हे मला आधी सांगितलं होतं, तरी आरशात बघून रडू आलं. राखाडी भुवई निदान भुवई वाटते. नारिंगी भुवई घेऊन शाळेत जाणं हा वेगळाच प्रकार आहे. जखम पूर्ण भरली की वर पेन्सिल चालते, त्या आधी नाही.

वेळापत्रकाचं आधी ठरवा. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या पुढचा पारा. उन्हानं रापलेल्या कातडीवर लेझर नको, आणि लेझर झालेल्या कातडीवर ऊन नको. मी उन्हाळ्यात फेऱ्या बंदच ठेवल्या, बाकीच्या वेळी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरून जायचे. छत्री, ओढणी, सनस्क्रीन. रंगपंचमी, हळदी, पोहण्याचा तलाव, सगळं मधे येतं. घरात लग्न ठरलं असेल तर त्याच्या तोंडावर फेरी ठेवू नका. एका लग्नाच्या घाईनं हे सगळं सुरू झालं होतं, दुसऱ्या लग्नाच्या घाईत ते उरकायला जाऊ नये.

काहीजणी लेझरऐवजी सलाइननं काढून घेतात. तीव्र मिठाचं पाणी सुईनं वरच्या थरांत सोडतात, परासरणानं द्रव वर ओढला जातो आणि खपलीबरोबर थोडा रंग पडतो. यात रंग काळा पडायचा धोका नाही, त्यामुळं कातडीच्या रंगाच्या शाईसाठी त्याचा विचार होतो. पण ती पुन्हा जखमच आहे, खोल गेलेल्या रंगापुढं तिचं फारसं चालत नाही, आणि अडाणी हातात व्रण राहतो. मी केलं नाही.

९. भुवया का गेल्या, हे आधी विचारायला हवं होतं

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत भुवईआधी माझा गळा बघितला. वजन वाढलंय का, थंडी जास्त वाजते का, पाळी कशी आहे, दम लागतो का. मग कापसाचा बोळा भुवईपाशी, गालावर फिरवून स्पर्श कळतो का ते तपासलं. भुवईचे केस जाणं हे कुष्ठरोगाचंही एक लक्षण असतं, आणि त्वचेचा डॉक्टर ते डोक्यात ठेवतोच. ते काही नव्हतं. रक्तात टीएसएच मात्र वाढलेलं निघालं.

भुवईचा बाहेरचा एक तृतीयांश भाग विरळ होणं हे थायरॉईड कमी पडल्याचं जुनं, पुस्तकी लक्षण आहे. माझी शेपटं नेमकी तिथंच गेली होती आणि मी वीस वर्षांच्या थ्रेडिंगला दोष देत होते. लोह कमी असलं, चाई लागली, तरीही भुवया विरळ होतात. पार्लरमधल्या कुणी हे विचारावं अशी अपेक्षा नाही. तिथं विरळ भुवई म्हणजे गिऱ्हाईक. पण रक्ताची एक तपासणी मायक्रोब्लेडिंगच्या मानानं कितीतरी स्वस्त पडते. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांनी शेपटाशी बारीक केस दिसू लागले. गोळीनं आले की थ्रेडिंग बंद केल्यानं, मला सांगता येणार नाही. आले.

जाता जाता एक. पुढं कधी एमआरआय करायची वेळ आली तर भुवयांत लोहाचा रंग आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगा. क्वचित तिथं गरम लागतं, चुरचुरतं. त्यासाठी तपासणी टाळायची गरज नसते.

१०. लाज बाळगू नका, पावती बाळगा

पन्नाशीच्या जवळच्या बाईनं भुवया कोरून घेतल्या म्हणून हसणारे हसले. 'वयाला शोभतं का' म्हणणाऱ्यांनी स्वतः केस रंगवलेले होते. चांगलं दिसावंसं वाटणं यात माफी मागण्यासारखं काही नाही, आणि मी कुणाची मागितलेली नाही. लपवण्यात मात्र नुकसान आहे. लाजेपोटी बायका डॉक्टरकडं न जाता पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतात आणि वर आणखी एक थर चढतो.

खर्चाचं म्हणाल तर काढायला करण्यापेक्षा पुष्कळ जास्त गेले, आणि आरोग्यविमा सौंदर्योपचारांचे पैसे देत नाही. स्टुडिओनं मला भरपाई म्हणून ओठांच्या रंगावर सवलत देऊ केली. ती मी घेतली नाही. पार्लरची सेवाही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, पुढं जिल्हा आयोग. पण तिथं बोलण्याला नव्हे, कागदाला किंमत आहे. बिल, यूपीआयची नोंद, आधीचे-नंतरचे तारखेसह फोटो, सही केलेल्या संमतिपत्राची प्रत, यातलं जे असेल ते एका ठिकाणी ठेवा.

आणि ज्यांनी आधीच करून घेतलं आहे, अगदी आवडलेलंही आहे, त्यांना एक विनंती. ज्या बाटलीतला रंग भरला तिच्या लेबलाचा फोटो, घटक आणि बॅच क्रमांक वाचता येईल असा, याच आठवड्यात मागून घ्या. माझ्यावर वेळ आली तेव्हा स्टुडिओतली ती मुलगी नोकरी सोडून गेली होती आणि कुठली बाटली वापरली होती ते तिथं कुणालाच सांगता आलं नाही.